थांबण्याचं कोटेशन

कुर्ल्याला, कमानीच्या अलीकडच्या गल्लीत
मुकादमांनी काउंटरवर तीन डिस्क मांडल्या,
पंगतीला ताटं मांडावीत तशा.
एक आत्ता आहे ती, एक तिच्याहून मोठी,
आणि तिसरी, जिच्यात चौघं जेवतील.

तिसरीसोबत सहा पिस्टनांचा कॅलिपर,
भायखळ्याच्या बंबासारखा लाल.
लहू म्हणाला, हाच.
लहूला पगार मी देते,
म्हणून त्याला कायम महागातलं आवडतं.

मी हौसेनं आले नव्हते.
गेल्या मंगळवारी मलबार हिलवरून
अकरा काचा परत आणत होते, बारा एमएम, टफन्ड,
एका बाल्कनीला अर्ध्या इंचानं मोठ्या झालेल्या.
तीन बत्तीच्या उतारावर पेडल खाली गेलं,
भिजलेल्या स्पंजावर पाय पडावा तसं.
एकदा पंप केलं. दोनदा.
तिसऱ्यांदा कुठेतरी काहीतरी धरलं.
समोर इस्त्रीची हातगाडी.
तिच्यातले निखारे मला मोजता आले असते.
इस्त्रीवाल्यानं माझं बोनेट थोपटलं,
म्हशीला थोपटतात तसं,
आणि सदऱ्याची राहिलेली घडी घातली.

मुकादम श्रीवर्धनचे. बोलताना हात पुसत राहतात,
स्वच्छ असले तरी.
"बाय, तू विचारतंस गाडी किती लवकर थांबेल.
काचेला विचार,
तिला किती लवकर थांबायचंय."

मग कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज.
तिसरी डिस्क पंधराच्या रिंगमध्ये मावत नाही.
रिंग सोळाची, तर टायर नवे, स्टेपनी धरून पाच.
टायर उंच, तर मीटर खोटं बोलणार.
सहा पिस्टनांना तेल जास्त, तर मास्टर सिलिंडर बदला.
पुढचं एवढं जोरात धरणार
तर मागच्या ड्रमनी करायचं काय?
आकडे जानेवारीतून मार्चपर्यंत उतरले
आणि तळाशी जो आला
त्यात मला कांजूरमध्ये
काच कापायचं जुनं टेबल मिळालं असतं.

लहूला म्हटलं, बोल.
लहू मागे असतो, काचांच्या घोड्याला पाठ लावून,
दोन हातांत दोन पट्टे, तोंड मागच्या रस्त्याकडे.
चार वर्षं तो मुंबई
फक्त लांब जातानाच बघतोय.
समोर कोण आडवं आलं त्याला दिसत नाही.
माझा पाय पडला की कळतं, तेही खांद्याला.
"मोठा घ्या नाहीतर छोटा घ्या," म्हणाला,
"दाबायच्या आधी मला सांगा, एवढंच."

हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नव्हतं.

मधली डिस्क घेतली. दोन पिस्टन, राखाडी कॅलिपर,
स्टीलची जाळी ल्यालेले पाइप, नवं तेल,
मागच्या ड्रमना लायनर.
आणि शेजारच्या सायकलवाल्याकडून घंटी, साठ रुपये.
तिला सायकलच्याच ब्रेकची तार,
केबिनमधून मागे, लहूच्या कानापर्यंत.
फिटिंगचे पैसे मुकादमांनी लावले नाहीत.
चहाचे मात्र मलाच द्यायला लावले, सहा जणांचे.

नवे पॅड आधी तापवून बसवावे लागतात.
रात्री दोनला बीकेसीत, मागे काच नाही, फक्त लहू.
पन्नासला न्यायची, दहाला आणायची,
पूर्ण थांबायचं नाही. असं तीसदा.
बँकांच्या काचांमध्ये आमची पिकअप
नाक खाली घालत होती, वर करत होती.
आधी घंटी, मग पाय.
घंटी, पाय.
चाकांमधून जळका वास यायला लागला,
मुकादम म्हणाले होते येईल, घाबरू नको.
बाविसाव्या खेपेला चुकले.
आधी पाय, मग घंटी.

मागून लहूनं शिवी घातली.
अख्खी, सगळ्या काना-मात्रांसकट.
चार वर्षांत पहिल्यांदा
मला ती केबिनमध्ये ऐकू आली.

अजून आठ राहिल्या होत्या.